पासष्ट हजार चौकटींतला व्हिन्सेंट

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की आपल्याला आधी कान आठवतो, मग बंदुकीची गोळी, आणि त्यानंतर कुठंतरी सूर्यफुलं. ज्यांनी त्याचं एकही चित्र नीट पाहिलेलं नाही, त्यांनाही त्यानं स्वतःचा कान कापून घेतला होता हे पक्कं ठाऊक असतं. एखाद्या चित्रकाराबद्दल इतक्या लोकांना इतकं माहीत असावं आणि त्या माहितीत चित्रांचा वाटा इतका थोडा असावा, असं भाग्य म्हणा वा दुर्भाग्य, दुसऱ्या कुणाच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. मराठी वाचकाला तर हा डच माणूस घरचाच वाटतो. आयर्विंग स्टोनची त्याच्यावरची कादंबरी माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणली आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी ती हातोहाती फिरवली. खोलीचं भाडं थकलेलं, रंगाची नळी चेपून चेपून तळाला आलेली, आणि हे सारं म्हणजे आपल्या प्रतिभेची पावतीच आहे अशी स्वतःची समजूत घालणारे कितीतरी तरुण मी पाहिले आहेत.

या सगळ्याची पुन्हा आठवण झाली ती 'लव्हिंग व्हिन्सेंट' या चित्रपटामुळे. २०१७ साली आलेला हा अ‍ॅनिमेशनपट मी आजवर तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा डोळे दिपले म्हणून, दुसऱ्यांदा तो बनवला कसा हे कळावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा एका प्रश्नासाठी. तो प्रश्न चित्रपटातच विचारलेला आहे, पण त्याकडे येण्याआधी चित्रपटाची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

दोरोता कोबिएला आणि ह्यू वेल्चमन या दांपत्यानं तो दिग्दर्शित केला. कोबिएला मूळच्या चित्रकार. त्यांच्या मनात आधी होता तो अवघ्या काही मिनिटांचा लघुपट. त्याचा झाला दीड तासाचा चित्रपट, आणि तोही असा की ज्याची प्रत्येक चौकट कॅनव्हासवर तैलरंगांत हातानं रंगवलेली आहे. आधी नटनटींना घेऊन प्रसंग रीतसर चित्रित केले गेले. मग ते चित्रीकरण समोर ठेवून चित्रकारांनी एकेक चौकट व्हॅन गॉगच्या शैलीत रंगवली. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी बारा चित्रं. अशी एकूण सुमारे ६५,००० चित्रं. त्यासाठी वीसहून अधिक देशांतले १२५ चित्रकार पोलंड आणि ग्रीसमधल्या स्टुडिओंत बसून राबत होते. संपूर्ण तैलरंगांत रंगवलेला हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती कळली तेव्हा मी खरोखर थबकलो. ही ६५,००० चित्रं म्हणजे ६५,००० कॅनव्हास नव्हेत. एका दृश्याची पहिली चौकट चित्रकार पूर्ण रंगवतो, तिचं छायाचित्र घेतो. मग तोच रंग ओला असताना खरवडायचा, हात किंचित वर गेला असेल तर हात पुन्हा रंगवायचा, ढग किंचित सरकला असेल तर ढग पुन्हा रंगवायचा, आणि पुन्हा छायाचित्र. दृश्य संपतं तेव्हा कॅनव्हासवर उरते ती फक्त शेवटची चौकट. त्याआधीच्या साऱ्या त्याच कॅनव्हासवर पुसल्या गेलेल्या असतात. अखेरीस हजारापेक्षाही कमी चित्रं हाती राहिली. बाकीची केवळ पडद्यावर, सेकंदाच्या बाराव्या हिश्शापुरती जगतात.

कथा घडते १८९१ साली, व्हिन्सेंटच्या मृत्यूनंतर वर्षभरानं. आर्ल्‌ गावचा पोस्टमन जोझेफ रुलँ हा व्हिन्सेंटचा मित्र. त्याच्याकडे व्हिन्सेंटनं भाऊ थिओला लिहिलेलं एक पत्र राहून गेलेलं आहे. ते पोचतं करायला तो आपल्या मुलाला, आर्माँला, पॅरिसला धाडतो. व्हिन्सेंटनं या बापलेकांची व्यक्तिचित्रं खरोखरच रंगवली होती. आर्माँच्या अंगावरचा तो पिवळा कोट चित्रातून थेट पडद्यावर आला आहे. पॅरिसला गेल्यावर आर्माँला कळतं, की थिओही भावामागोमाग सहा महिन्यांत वारला. पत्र द्यायचं कुणाला? या प्रश्नाचं बोट धरून तो ऑव्हेर या गावी जातो, जिथं व्हिन्सेंटनं अखेरचे सुमारे सत्तर दिवस काढले, आणि तिथं पोस्टमनचा पोरगा बघताबघता गुप्तहेर होऊन बसतो. खाणावळवाल्या राव्हूची मुलगी एक सांगते, नावाडी दुसरं सांगतो, डॉक्टर गाशे तिसरं. मागच्या आठवणी आल्या की पडदा कृष्णधवल होतो, जुन्या छायाचित्रांसारखा. कारण त्या प्रसंगांची चित्रं व्हिन्सेंटनं कधी काढलेली नव्हती, आणि त्याच्या नावावर ती खपवायची नाहीत एवढा सभ्यपणा दिग्दर्शकांनी पाळला आहे.

आता या मृत्यूबद्दल नक्की काय माहीत आहे? २७ जुलै १८९० रोजी, रविवारी, सदतीस वर्षांचा व्हिन्सेंट संध्याकाळी उशिरा जखमी अवस्थेत आपल्या खाणावळीत परतला. पोटात गोळी होती. गावातल्या डॉक्टरांना ती काढता आली नाही. दुसऱ्या दिवशी पॅरिसहून थिओ धावत आला आणि २९ तारखेच्या पहाटे, भावाच्या सान्निध्यात, व्हिन्सेंटनं प्राण सोडला. आपणच गोळी झाडून घेतल्याचं त्यानं स्वतः सांगितलं होतं. गावच्या धर्मगुरूनं, आत्महत्या केलेल्या माणसासाठी म्हणून, शववाहिनी द्यायला नकार दिला. ती शेजारच्या गावाहून आणावी लागली.

शंभर वर्षं हीच हकीकत सर्वमान्य होती. २०११ साली स्टीव्हन नायफे आणि ग्रेगरी व्हाइट स्मिथ यांनी आपल्या प्रचंड चरित्रग्रंथात वेगळीच शक्यता मांडली : त्या उन्हाळ्यात गावात सुटीला आलेल्या, व्हिन्सेंटची टिंगल करणाऱ्या पोरांपैकी एकाच्या, रने सक्रेताँच्या, हातून गोळी सुटली असावी आणि व्हिन्सेंटनं त्याला पाठीशी घातलं असावं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाच्या अभ्यासकांनी २०१३ साली याचं सविस्तर खंडन केलं. त्यांच्या मते आत्महत्येची हकीकतच पुराव्याला धरून आहे. चित्रपट मात्र या संशयाभोवती बराच वेळ घोटाळत राहतो. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, ज्युलियन श्नाबेलच्या चित्रपटानं तर पोरांच्या हातून सुटलेली गोळीच दाखवली. कुतूहल एवढ्यावरच थांबत नाही. ऑव्हेरच्या शेतात १९६० च्या सुमारास एक गंजलेलं रिव्हॉल्व्हर सापडलं होतं. ते हेच असावं अशा समजुतीवर २०१९ साली पॅरिसमधल्या लिलावात त्याला १,६२,५०० युरो मोजले गेले. ज्या माणसाचं 'तांबडा द्राक्षमळा' हे चित्र त्याच्या हयातीत ४०० फ्रँकला विकलं गेलं, त्याच्या मृत्यूच्या नुसत्या संशयित हत्याराला एवढी किंमत यावी!

आणि इथंच तो प्रश्न येतो. चौकशी करत हिंडणाऱ्या आर्माँला डॉक्टर गाशेंची मुलगी मार्गरित विचारते, की त्याच्या मरणाबद्दल तुला एवढं जाणून घ्यायचं आहे, पण त्याच्या जगण्याबद्दल तुला काय ठाऊक आहे? आर्माँ निरुत्तर होतो. हा प्रश्न आर्माँला आहे, तसाच तो समोर अंधारात बसलेल्या आपल्यालाही आहे. गेला तासभर आपणही मान पुढं काढून, गोळी कुणी झाडली याचाच अंदाज बांधत बसलेलो असतो.

मला या प्रश्नाचं एवढं अगत्य का, तेही सांगतो. माझ्याबरोबर चित्रकला शिकलेला एक मित्र ऐन तारुण्यात गेला. स्वतःहून गेला. पुढं कितीतरी वर्षं चार जुने मित्र भेटले की बोलणं फिरून फिरून त्याच्या शेवटच्या दिवसावर यायचं. त्या दिवशी तो कुणाला भेटला, काय बोलला, चेहरा कसा होता. एकदा त्याच्या गावी गेलो असताना त्याच्या थोरल्या बहिणीकडे उतरलो होतो. जेवणं झाली, आणि ताई सहज म्हणाली, "येणारे सगळे त्या दिवसाचंच विचारतात रे. त्याच्या वह्या दाखव म्हणून कुणी म्हणत नाही." मी म्हटलं, "ताई, मला दाखव." तिनं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. आत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलेल्या अठरा-वीस वह्या. एस.टी. स्टँडवर गाठोड्याला टेकून झोपलेली माणसं, मंडईतल्या भाजीवाल्या, चुलीपुढं बसलेली आई. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख. अगदी शेवटच्या आठवड्यातल्या एका पानावर तव्यावर भाकरी टाकणारा हात होता. बोटं मनासारखी जमेनात म्हणून तोच हात त्यानं सात वेळा काढला होता, आणि सातवा अप्रतिम जमला होता. त्या पानावर मरणाची कुठलीही खूण नव्हती. असलीच तर एका विद्यार्थ्याची चिकाटी होती. तो का गेला, हे त्या ट्रंकेतून मला कळलं नाही. पण तो कोण होता, हे त्या रात्री पुष्कळ कळलं.

व्हिन्सेंटच्या बाबतीत अशी ट्रंक साऱ्या जगापुढं उघडी आहे. त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं ते सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये. त्याआधी चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी झाली, शिक्षकी झाली, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांमध्ये धर्मप्रचार झाला. हाती राहिली होती जेमतेम दहा वर्षं. त्या दहा वर्षांत त्यानं सुमारे ८६० तैलचित्रं काढली. रेखाटनं आणि जलरंग धरले तर संख्या दोन हजारांच्या वर जाते. त्याची आठशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत दुःख आहे, एकटेपणा आहे, पैशांची ओढाताण तर पानोपानी आहे. पण त्याहून अधिक आहे ते काम. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ठेवला की दोन्ही उजळतात, वाचायला कुठली कादंबरी घेतली आहे, सकाळी वारा किती होता, चित्रफलक जमिनीत कसा रोवून धरावा लागला. हा माणूस रोज उठून कामाला जाई. शेतकरी शेतावर जातो तसा.

त्याच्या आजाराचं आपण जे काव्य केलं आहे, तेही जरा तपासून पाहायला हवं. वेड लागलं म्हणून तो असा रंगवू शकला, असं म्हणायची पद्धत पडून गेली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८८८ च्या डिसेंबरात कानाचा तो प्रकार घडला, आणि पुढं मे १८८९ पासून वर्षभर तो सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. आजाराचे झटके येत तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काम बंद पडे. कधी रंग त्याच्यापासून दूर ठेवावे लागत. चित्रं झाली ती झटक्यांच्या मधल्या, डोकं ताळ्यावर असलेल्या दिवसांत. 'तारांकित रात्र' तिथलीच, आणि पुतण्या जन्मला म्हणून त्याला भेट द्यायला रंगवलेली बदामाच्या फुलांची फांदीही तिथलीच. आजारानं त्याच्याकडून चित्रं करवून घेतली नाहीत, आजारानं त्याचे दिवस खाल्ले. हे एवढं स्पष्ट सांगावं लागतं, कारण वेदनेवाचून कला नाही या वाक्यावर भाळलेली मुलं आजही मला भेटतात, आणि मदत मागायची सोडून ती वेदना गोंजारत बसतात.

आता चित्रपटाबद्दलचा एक आक्षेप. जाणकारांनी म्हटलं, की १२५ चित्रकारांनी मिळून दुसऱ्याच्या शैलीची नक्कल करायची, यात कला ती कसली? आक्षेप अगदीच खोटा नाही. व्हिन्सेंटचा प्रत्येक फटकारा हा एक धोका होता. पुढं काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. इथं रंगवणाऱ्याला पुढची चौकट आधीच ठाऊक आहे. गोष्टही कधीकधी नुसती मुलाखतींची माळ होते. एक माणूस गेला की दुसरा येतो आणि आपल्या वाट्याची माहिती सांगून मोकळा होतो.

पण नक्कल आणि गिरवणं यांत आपली भाषा फरक करते. शाळेत पाटीवरचं अक्षर आपण गिरवतो, ते गुरुजींची फसवणूक करायला नव्हे. अक्षराचं वळण हातात उतरावं म्हणून. गाण्यातला शागीर्द गुरूची तान वर्षानुवर्षं घोटतो, तेव्हा त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. या चित्रकारांनी व्हिन्सेंट गिरवला आहे. त्याची नव्वदहून अधिक चित्रं या चित्रपटात कुठं ना कुठं येतात. कुठं आडव्या पडद्यासाठी चित्राच्या कडेला नसलेलं शेत वाढवावं लागलं, कुठं दिवसाच्या चित्राची रात्र करावी लागली. असं करताना तो फटकारा इथं वळला का आणि तिथं तुटला का, हे हातालाच कळून घ्यावं लागतं. आणि मग रंगवलेलं खरवडून पुन्हा रंगवायचं, पुन्हा, पुन्हा. तव्यावर भाकरी टाकणारा हात सात वेळा काढावा तसंच हे.

म्हणूनच मला वाटतं, मार्गरितच्या प्रश्नाला चित्रपटाची गोष्ट जे उत्तर देऊ शकत नाही, ते चित्रपटाचं काम देतं. गोष्ट विचारत राहते, तो मेला कसा? आणि पडद्यावरची हलणारी, श्वास घेणारी प्रत्येक चौकट सांगत राहते, तो जगला असा.

चित्रपटात ते पत्र अखेरीस पोचतं थिओच्या विधवेकडे, योहानाकडे, आणि इथं पटकथा इतिहासाशी इमान राखते. थिओ गेला तेव्हा योहाना अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती, पदरी एका वर्षाचा मुलगा. वारशात आली ती दिराची, कुणी फारशी विकत न घेतलेली शेकडो चित्रं आणि पत्रांचा ढीग. ती हॉलंडला परतली, पोटासाठी बुसुम गावी पाहुण्यांची खानावळ चालवली, आणि चित्रं सांभाळली. नुसती सांभाळली नाहीत. कोणतं चित्र कुठं दाखवायचं, कोणतं कुणाला विकायचं, याचा तिनं वर्षानुवर्षं विचार केला. १९०५ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तिनं चारशेहून अधिक कलाकृतींचं प्रदर्शन उभं केलं. १९१४ साली भावाला लिहिलेली पत्रं छापून काढली, आणि त्याच वर्षी थिओचा देह ऑव्हेरला आणून व्हिन्सेंटशेजारी ठेवला. ज्या मुलासाठी बदामाची फांदी रंगवली होती, त्याच्या पुढाकारानं १९७३ साली व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. डॉक्टर गाशेंचं व्यक्तिचित्र १९९० साली सव्वाआठ कोटी डॉलरला गेल्याची बातमी जगभर गाजली. पण त्या आकड्याच्या मुळाशी खानावळीची भांडी आवरून रात्री दिराची पत्रं लावत बसलेली एक बाई आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

'लव्हिंग व्हिन्सेंट'ला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार 'कोको' या चित्रपटाला गेला. युरोपीय चित्रपट पुरस्कार मात्र त्याला मिळाला. पुढं २०२३ साली याच दिग्दर्शक-जोडीनं रेमाँट या पोलिश कादंबरीकाराच्या 'शेतकरी' या कादंबरीवर त्याच पद्धतीनं दुसरा चित्रपट केला. म्हणजे हे वेड एकदाच्या हौसेपुरतं नव्हतं.

शेवटी शेवटच्या चित्राविषयी. पिकावर कावळे उडताहेत ते काळोखं चित्र हेच व्हिन्सेंटचं अखेरचं, अशी समजूत १९५६ सालच्या हॉलिवुडपटानं घरोघर पोचवली. मरणाला शोभेल असं चित्र शेवटी हवं, म्हणून आपणही ती सोयीस्करपणे मान्य केली. वास्तविक कावळ्यांचं चित्र मृत्यूच्या दोनेक आठवडे आधीचं मानलं जातं. अखेरचं चित्र 'झाडांची मुळं' हे असावं, असं आता अभ्यासक मानतात. २०२० साली वाउटर व्हान डर व्हेन या संशोधकानं एका जुन्या पोस्टकार्डावरून ती जागाही ओळखली. खाणावळीपासून चालत काही मिनिटांवर, रस्त्याकडेचा एक उतार. चित्रातल्या उन्हावरून दिसतं, की त्या रविवारी तो बऱ्याच उशिरापर्यंत रंगवत होता. उघडी पडलेली, एकमेकांत गुंतलेली, निळ्या-हिरव्या रंगांत उसळणारी मुळं. चित्र पुरं झालेलं नाही.

त्याच्या चार दिवस आधी, २३ जुलैला, त्यानं थिओला पत्र पाठवलं होतं. त्यात नव्या चित्रांची छोटी रेखाटनं होती आणि हवे असलेल्या रंगांची यादी होती. त्यानंतर काय घडलं आणि का घडलं, यावर पुस्तकं निघत राहतील, चित्रपट निघत राहतील. मला विचाराल तर यापुढं व्हिन्सेंटचं नाव निघालं की कानाऐवजी, बंदुकीऐवजी, ती रंगांची यादी आठवावी. संपत आलेले रंग पुन्हा मागवणारा माणूस.